रीफ टँक मोठा केला की तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन धापा का टाकतात?

सकाळी साडेसहाला, दिवे लागायच्या आधी हॉलमधल्या रीफ टँकपाशी (कोरल म्हणजे प्रवाळ आणि समुद्री मासे असलेली खाऱ्या पाण्याची टाकी) आलो तर दोन्ही क्लाऊन मासे पाण्याच्या अगदी काठाशी आले होते. रिटर्नचं, म्हणजे फिल्टरमधून परत येणारं, पाणी पडतं तिथे तोंड वर करून, कल्ले भराभर हलवत. निळा डॅमसेल मासा दगडाच्या बुडाशी आडवा पडलेला. पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं झालं होतं. शिफ्टिंगचा तिसरा दिवस होता. पहिले दोन दिवस मासे खात होते, झोअँथिड (फुलासारखे उघडणारे कोरलसारखे जीव) उघडे होते आणि मी निर्धास्त झालो होतो.

हे माझ्याकडे दोनदा झालं. एकदा दोन फुटी टाकीतून तीन फुटीत जाताना, दुसऱ्यांदा डोंबिवलीहून ठाण्याला घर बदलताना. दोन्ही वेळा तिसराच दिवस आणि हेच चित्र. मिळून चार मासे आणि एक क्लिनर श्रिंप (कोळंबी) गेला. ओळखीतल्या ज्यांनी टँक मोठा केला त्यांच्यापैकी बऱ्याच जणांकडून "दोन दिवस ठीक होतं हो, मग अचानक..." हेच ऐकलं आहे. गेल्या वर्षी तीन फुटीतून पाच फुटीत गेलो तेव्हा मात्र एकही जीव गेला नाही. मधल्या काळात जे कळलं ते इथे लिहितो आहे. ज्यांचा टँक पुढच्या महिन्यात हलणार आहे त्यांनी तरी हे आधी वाचावं असं मनापासून वाटतं.

पाण्याचा दोष नव्हता

पहिल्या वेळी दुकानदाराने सांगितलं, "नवीन पाण्याचा शॉक बसला." पटलं. म्हणून घर बदलताना जुनं पाणी जवळजवळ सगळं, १७० लिटर, निळ्या ड्रममधून टेम्पोत घालून नेलं. तापमान तेच, सॅलिनिटी (खारटपणा) तीच, टाकीसुद्धा तीच. तरी तिसऱ्या दिवशी अमोनिया १ पीपीएम (दहा लाखांत एक भाग).

इथेच माझी समजूत चुकली होती. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडत असतात. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे बॅक्टेरिया पाण्यात तरंगत नसतात, ते पृष्ठभागाला चिकटून राहतात. दगडावर, वाळूच्या कणांवर, सँपमधल्या (टाकीला जोडलेली फिल्टरची टाकी) मीडियावर (बॅक्टेरियांना चिकटायला ठेवलेली सच्छिद्र सामग्री), पाइपच्या आतल्या बुळबुळीत थरात. जुनं पाणी नेलं म्हणजे फिल्टर नेला असं होत नाही. जुन्या पाण्याचा उपयोग एवढाच की सॅलिनिटी आणि अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवायची पाण्याची क्षमता) एकदम बदलत नाही, कोरलला झटका बसत नाही. तेवढ्यासाठी ते जरूर न्यावं. पण माशांना त्याने संरक्षण मिळत नाही.

खरं कारण आईच्या नाकाने सापडलं. ठाण्याच्या घरात टाकी लावत होतो, जुनी वाळू एका टबात काढून ठेवली होती. स्वयंपाकघरातून ती म्हणाली, "अरे, कसला वास येतोय? नाला तुंबल्यासारखा." मी टबात हात घातला. वरची वाळू पांढरी स्वच्छ होती, पण मुठीत आलेल्या खालच्या थरात काळे डाग होते आणि त्याला सडलेल्या अंड्याचा वास होता. त्या दिवशी घाईत होतो. वाळू दोन पाण्यांनी खळबळली आणि टाकीत घातली. पुढे काय झालं ते वर सांगितलंच.

पाच फुटीत जायच्या आधी एक साधा प्रयोग केला. दोन बादल्या घेतल्या. दोन्हींत टाकीतलं दहा-दहा लिटर पाणी आणि एकेक एअर स्टोन. एका बादलीत तळापासून काढलेली दोन ओंजळी वाळू ढवळून घातली, दुसरीत काही नाही. चोवीस तासांनी दोन्हींची अमोनिया टेस्ट केली. नुसत्या पाण्याची नळी पिवळी, म्हणजे शून्य. वाळूच्या पाण्याची नळी गडद हिरवी, तक्त्यावर २ च्या रकान्याला जुळणारी. ती नळी मी बराच वेळ उजेडाकडे धरून बघत होतो. दोन वर्षं पाण्यावर घेतलेला आळ त्या नळीने पुसला.

तीन-चार वर्षं जुन्या वाळूत उरलेलं खाणं, विष्ठा, मेलेल्या किड्यांचे अवशेष खाली खाली जात राहतात. तळाशी ऑक्सिजन पोचत नाही, तिथे हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. काळे डाग त्याचेच, लोहाशी संयोग झाल्याचे. वाळू जागच्या जागी आहे तोवर हे सगळं बंद कोठारासारखं पडून असतं. टँक हलवताना आपण ते कोठार उपसून पाण्यात ओततो.

मग पहिल्याच दिवशी का नाही, तिसऱ्याच दिवशी का? कारण तो गाळ कुजायला वेळ लागतो. कुजवणारे बॅक्टेरिया झपाट्याने वाढतात (पाणी पांढुरकं दिसतं ते यांच्यामुळे) आणि ऑक्सिजन ओढून घेतात. अमोनिया पचवणारे मात्र संथ, त्यांची संख्या दुप्पट व्हायलाच साधारण एक दिवस लागतो. ते मागे पडतात. रात्री दिवे बंद असताना ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो, म्हणून मासे पहाटे वर आलेले दिसतात. दिवस चढतो तसा टँकचा पीएच वाढतो आणि त्याच अमोनियाचा विषारी भागही वाढतो. सकाळी धापा टाकणारा मासा दुपारी दगावतो तो यामुळे. सकाळी दिसलं की ऑफिसला निघून जाऊ नका.

दगड हवेत राहिला तर

दुसरं कारण लोकांच्या लक्षातच येत नाही. टँकमधल्या दगडांच्या कपारींत, खालच्या अंगाला, पांढरे-पिवळे स्पंज वाढलेले असतात. स्पंज हवेत आला की त्याच्या बारीक छिद्रांत हवा अडकते. पुन्हा पाण्यात बुडवला तरी ती निघत नाही आणि तो भाग मरतो. घर बदलताना मी सगळे दगड ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून क्रेटमध्ये ठेवले होते, पाच-सहा तास. चार दिवसांनी दगडांच्या खालच्या बाजूला कोळ्याच्या जाळ्यासारखा पांढरा बुरा आला. तो मेलेला स्पंज कुजत होता. मरणाऱ्या स्पंजाचा अमोनिया आणि उपसलेल्या वाळूचा अमोनिया, दोन्ही एकाच आठवड्यात.

त्यामुळे दगड पाण्याखालीच हलवायचा. बादली टाकीत बुडवायची, दगड पाण्यातच तिच्यात घ्यायचा, बादली उचलायची. नव्या टाकीत उतरवतानाही तसंच. अंगावर पाणी सांडतं, फरशी ओली होते, घरचे ओरडतात, पण हे करण्याजोगं आहे.

आत्ता, या क्षणी मासे वर आले असतील तर

आधी हवा. वेव्हमेकरचं (टाकीत प्रवाह आणणारा पंप) तोंड वर फिरवा म्हणजे पृष्ठभाग खळबळेल, एअर पंप असेल नसेल तेवढे लावा, झाकण काढा, स्किमर (फेस करून घाण काढणारं यंत्र) ओसंडत असला तरी चालू ठेवा. ओसंडला तर कप काढून पाणी सँपमध्येच पडू द्या, हवा तर मिळते.

मग टेस्ट. नव्याने हलवलेल्या टँकमध्ये मी ०.२५ ला लक्ष ठेवतो, ०.५ ला पाणी बदलतो, १ दिसलं तर लगेच अर्धं पाणी बदलतो. बदलायचं पाणी त्याच सॅलिनिटीचं आणि त्याच तापमानाचं हवं. म्हणूनच शिफ्टिंगच्या आठवड्यात मरीन टँकसाठीचं मीठ घातलेलं साठ-सत्तर लिटर पाणी पंप लावून तयार ठेवा. सकाळी सातला आरओ भरून, मीठ विरघळवून पाणी व्हायची वाट बघणं माशांना परवडत नाही.

पीएच कमी दिसला तर या वेळी बफर (पीएच वाढवणारी पावडर किंवा द्रावण) टाकू नका. पीएच ७.२ वरून ८.२ वर गेला की तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. आधी अमोनिया खाली येऊ द्या. अमोनिया बांधणारं कंडिशनर घातलं तर मासे वाचायला मदत होते, मात्र नेहमीचं किट बांधलेला अमोनियासुद्धा मोजतं, त्यामुळे आकडा उतरला नाही म्हणून घाबरून दुप्पट डोस घालू नका. खाणं दोन दिवस पूर्ण बंद. निरोगी मासा तेवढा उपाशी सहज राहतो. आणि टॉर्च घेऊन मेलेला टर्बो स्नेल (समुद्री गोगलगाय) कुठे आहे का बघा. एक मोठा स्नेल दगडामागे कुजला तरी छोट्या टँकचं पाणी बिघडतं. संशय आला तर उचलून वास घ्या, मेलेला स्नेल लपत नाही.

शिफ्टिंगचा दिवस मी कसा काढला

पाच बाय दोन बाय दोन फुटांची टाकी म्हणजे सुमारे ५६५ लिटर. पाणी, काच, दगड, स्टँड मिळून आठशे किलोंच्या वर वजन. आपल्याकडच्या घरांचे स्लॅब साधारण २०० किलो प्रति चौरस मीटर भार धरून बांधलेले असतात, आणि या टाकीचा पाया एक चौरस मीटरसुद्धा नाही. मी ती बीमला लागून, भिंतीकडेला ठेवली, आणि त्याआधी सोसायटीच्या कामांवर येणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला जागा दाखवली. जुन्या इमारतीत राहत असाल तर हे टाळू नका.

टाकी स्थानिक कारागिराकडून बनवून घेतली असेल तर सिलिकॉनचा व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत थांबा. मी दहा दिवस थांबलो, मग साधं पाणी भरून तीन दिवस गळती पाहिली. बाथरूमसाठी मिळणारं बुरशीरोधक सिलिकॉन वापरलेलं नाही ना, एवढं आधी विचारून घ्या. त्यातलं रसायन टँकमधल्या जिवांना घातक असतं.

नवं पाणी आदल्या दिवशी तयार केलं, सुमारे ४०० लिटर, त्याला पंधरा किलोच्या आसपास मीठ लागलं. मीठ नेहमी फिरत्या पाण्यात थोडंथोडं घालायचं. मिठावर पाणी ओतलं तर कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं, पाणी दुधाळ होतं आणि नंतर कितीही ढवळलं तरी ते परत विरघळत नाही. सॅलिनिटी ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग). रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं उपकरण) त्याच दिवशी ३५ च्या कॅलिब्रेशन द्रावणावर लावून घेतला. नुसत्या आरओच्या पाण्यावर शून्य लावलेला माझा रिफ्रॅक्टोमीटर वर ३५ पाशी दोन अंकांनी चुकत होता.

सकाळी जुन्या टाकीतलं वरचं पाणी आधी काढून ड्रममध्ये घेतलं, कशालाही हात लावायच्या आधी. हा क्रम महत्त्वाचा. एकदा वाळू ढवळली की ते पाणी नेण्यालायक राहत नाही. मग कोरल, मग दगड, सगळे पाण्याखालून बादल्यांत, प्रत्येक बादलीत एअर स्टोन. मासे सगळ्यात शेवटी पकडले. दगड निघाले की मासे लपायला जागा उरत नाही आणि जाळीच्या दोन फेऱ्यांत सापडतात. आधी पकडायला गेलात तर तासभर मासेही दमतात, तुम्हीही. माशांची बादली बंद करायची नाही. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरतो, त्यामुळे आतला अमोनिया निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडून हवा सोडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. उघड्या, हवा सोडलेल्या बादलीत हा धोका कमी.

बॅटरीवर चालणारे दोन एअर पंप जवळ ठेवा. माझ्याकडे नेमकी दुपारी अडीच ते चार वीज गेली होती.

जुनी वाळू मी टाकून दिली. सगळी. जीव वर-खाली झाला, चार वर्षांची वाळू होती. नवी अरॅगोनाइट वाळू पाणी नितळ येईपर्यंत धुतली आणि जुन्या वाळूच्या फक्त वरच्या थरातली एक वाटी, वास घेऊन, स्वच्छ आहे बघून, तिच्यावर पसरली, किडे आणि बॅक्टेरियांचं बी म्हणून. ज्यांना वाळू विकत घेणं जड जातं त्यांनी जुनी वाळू नळाखाली थोडीथोडी घेऊन, प्रत्येक घाण्याचं पाणी पूर्ण स्वच्छ होईपर्यंत धुवावी आणि शेवटी आरओच्या पाण्याने खळबळावी. तिच्यातले बॅक्टेरिया मरतील, चालेल. दगडावरचे पुरतात, दगड पाण्यात, हवेच्या नळीसकट ठेवला असेल तर. अर्धवट धुतलेली वाळू मात्र सगळ्यात वाईट. दोन पाण्यांनी धुवून घातलेल्या वाळूने काय केलं ते मी पाहिलं आहे.

सँपमधला मीडिया आणि फिल्टरचा स्पंज याच नियमात येतात. मीडिया खारट पाण्यात, हवेच्या नळीसकट ठेवा. बंद पडलेल्या कॅनिस्टरमध्ये (बंद डब्याचा फिल्टर) पाच तास कोंडलेला मीडिया तसाच सुरू केलात तर आतलं सडकं पाणी थेट टाकीत येतं. उघडून, पाणी फेकून, मीडिया खारट पाण्यात विसळून मगच लावा.

या वेळी माझी अमोनिया टेस्ट बाराव्या तासाला शून्य, दुसऱ्या दिवशी ०.२५ च्या किंचित खाली, चौथ्या दिवशी परत पिवळी.

घरचा आरओ आणि समुद्राचं पाणी

पिण्याच्या पाण्याच्या बऱ्याच घरगुती आरओ मशीनमध्ये चवीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो. तो थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर मशीनमधून बाहेर येणारा टीडीएस ६०-८० सुद्धा असतो, आणि त्यात नायट्रेट, सिलिकेट काय काय असेल सांगता येत नाही. वीस लिटरच्या टँकमध्ये हे खपून जातं. चारशे लिटर एकदम भरताना महिनाभर शेवाळ झेलावं लागतं. कंट्रोलर बंद करून घ्या, पुढे डीआय रेझिनची (उरलेले क्षार काढणारी) नळी जोडा, मीटरवर शून्य दिसू द्या. पितळी तोट्या, तांब्याचे पाइप या वाटेत नकोत. तांबं श्रिंप आणि स्नेलना मारतं.

"अलिबागहून कॅन भरून आणलं तर?" हा प्रश्न दर वेळी येतो. पावसाळ्यात नद्यांच्या पाण्याने किनाऱ्याची सॅलिनिटी उतरलेली असते, गाळ असतो, आणि मुंबईजवळच्या खाड्यांचं पाणी तर विचारातसुद्धा घेऊ नये. नव्या टाकीच्या पहिल्या महिन्यात तरी ही जोखीम घेऊ नका.

मोठी टाकी आली की ती भरायची घाईही होते, म्हणून एक सांगून ठेवतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत, तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात. तिथून, किंवा कुठल्याही किनाऱ्यावरून, एक तुकडाही उचलायचा नाही, आणि कोणी "लोकल पीस आहे" म्हणून विकत असेल तर घ्यायचा नाही. माझ्याकडे फक्त सॉफ्ट कोरल आहेत आणि दगड कृत्रिम आहे, चार वर्षांत तोच जांभळा होऊन गेला.

अमोनिया शून्य, तरी कोरल मिटलेले

हे वेगळं दुखणं आहे, वाळूशी त्याचा संबंध नाही. बहुतेक वेळा नवा लाइट कारण असतो. मोठ्या टाकीबरोबर आपण मोठा लाइट घेतो आणि पहिल्या दिवशी हौसेने पूर्ण लावतो. मी ४० टक्क्यांवर सुरू करून तीन आठवड्यांत हळूहळू ७० वर नेला. दुसरं कारण अल्कलिनिटी. जुना टँक ८ डीकेएचला (अल्कलिनिटीचं माप) असेल आणि नव्या मिठाचं पाणी ११ ला बनत असेल, तर मिसळून किती होतं ते मोजा, आणि ते स्थिर होईपर्यंत कुठलंही डोसिंग सुरू करू नका. तिसरं, उन्हाळ्यात मोठे पंप पाणी तापवतात. मेमध्ये माझी टाकी जुन्या चिलरवर २८.५ ला जात होती, चिलर मोठा घ्यावा लागला.

दोन-तीन आठवड्यांनी वाळूवर तपकिरी पावडर पसरेल. डायटम (सूक्ष्म शेवाळ) आहेत, सिलिकेट संपलं की आपोआप जातात. औषध घालू नका.

आणि टोडस्टूल लेदर, छत्रीसारखा सॉफ्ट कोरल. हा शिफ्टिंगनंतर मिटतो, निस्तेज होतो, अंगावर मेणासारखी चकचकीत साय धरतो आणि आठ-पंधरा दिवस तसाच राहतो. मेला समजून लोक तो काढून टाकतात. तो कात टाकत असतो. वेव्हमेकरचा झोत थेट नाही पण शेजारून जाईल असा ठेवा, म्हणजे साय सुटून वाहून जाईल. बोटाने खरवडू नका. माझा बाराव्या दिवशी एका कडेने सुटायला लागला, ती साय पारदर्शक कागदासारखी पाण्यात हलत होती. पंधराव्या दिवशी दुपारी त्याच कडेला पहिले चार-पाच पॉलिप (कोरलची बारीक फुलासारखी तोंडं) बाहेर आले.